वेस्लीची फळी

शनिवारी सकाळी क्लिफर्डने फळीवरचं फडकं बाजूला केलं, की ऑगस्टा आपले दोन्ही हात मांड्यांखाली सरकवायची आणि त्यांवर बसून राहायची. वर्गातल्या बाकीच्यांना वाटायचं, म्हातारीला थंडी वाजतेय. एकाने तर हीटर उचलून तिच्या पायांशी आणून ठेवला होता. मृणालिनीला मात्र दोन-तीन शनिवारांतच कळलं, की हे थंडीचं नाही. दूध उतू जाताना दिसतंय, आपण फोनवर अडकलोय आणि फोनची वायर काही शेगडीपर्यंत पोचत नाही, अशा वेळी बाईच्या खांद्यांचं जे होतं, ते ऑगस्टाच्या खांद्यांचं झालेलं असायचं.

ती फळी ऑगस्टाच्या मुलाची, वेस्लीची होती. लाल सीडरची, पुरुषभर उंच, दीड हात रुंद. वेस्ली समुद्रात गेला, त्याची आठवण म्हणून ती ऑगस्टाच्या मूळ गावच्या दफनभूमीत उभी राहायची होती. तिच्यावर गरुड कोरायचा होता. सिअ‍ॅटलमध्ये तसा गरुड ऑगस्टाइतका चांगला कुणालाच कोरता येत नव्हता. आणि फळी कोरत होता क्लिफर्ड, जो आठवड्याचे पाच दिवस शहरात बस चालवायचा. वाईट कोरत होता. ऑगस्टा पाच फुटांवर बसून ते बघत होती.

मृणालिनी या वर्गात आली ती १९८४ च्या शरदात. नागपूरला इतिहासात एम. ए. केलेलं, लग्नाला अकरा वर्षं झालेली. नवरा श्रीरंग विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. बेलव्ह्यूला घर. मुलगी शाळेत गेली, की सकाळी साडेआठ ते तीन त्या घरात डिशवॉशर तेवढा बोलायचा. लायब्ररीत एक चिठ्ठी लावलेली दिसली: शनिवारी सकाळी लाकडातलं कोरीवकाम, शिकवणार ऑगस्टा नेल्सन. मृणालिनीला पेढ्याचा साचा करायचा होता. इथे तसला कुठे मिळत नव्हता.

"सुतारकाम?" मंडळातल्या सुलभाकाकू म्हणाल्या. "अगं, त्यापेक्षा केक डेकोरेशन कर. काही खायला तरी मिळेल."

श्रीरंग म्हणाला, "जा यार, कर जॉइन. फक्त बोटं दहाच्या दहा घेऊन ये परत."

तरंगता पूल ओलांडून तळ्यापलीकडे दक्षिण सिअ‍ॅटलला जायचं. एका जुन्या हॉलमध्ये लांब टेबलं, कोपऱ्यात कॉफीची किटली, आणि सगळीकडे सीडरचा वास. ऑगस्टा सत्तरीची, बुटकी, खांद्याला रुंद, जाड भिंगांचा चष्मा. सगळे तिला आँटी म्हणायचे. मृणालिनीला बरं वाटलं. या देशात पहिल्यांदा कुणा वयस्क बाईला नुसत्या नावाने हाक मारायची वेळ आली नव्हती.

पहिले दहा आठवडे कुणाला काही कोरायला मिळत नसे. आधी आपल्या सुरीची मूठ आपल्या हाताच्या मापाने करायची. ती झाली, की सरळ काप. मग वळणाचा काप, वाकड्या पात्याच्या सुरीने, सुरी स्वतःकडे ओढत. मृणालिनीला ते जमेना.

"घाबरतेस का?" ऑगस्टाने विचारलं.

"आमच्याकडे सुरी हलत नाही, आँटी. ती पाटाला बसवलेली असते. आपण पाटावर पाय ठेवून बसायचं आणि भाजी तिच्यावर न्यायची."

"सुरीवर बसता?"

"सुरीच्या पाटावर."

ऑगस्टाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि मला लोक म्हणतात, तुमचं काम धोक्याचं आहे."

साच्यातलं फूल करायला मृणालिनीला पुढचा मार्च उजाडला. तोवर ती वर्गात रुळली होती. बाकीचे गेले की झाडून घ्यायला मागे राहायची. ऑगस्टा दगडावर पाती लावत बसायची आणि बोलायची, आणि अशा तुकड्यातुकड्यांनी तिचं आयुष्य मृणालिनीला कळत गेलं.

ऑगस्टाचा जन्म १९१४ चा, हायडाबर्गचा. अलास्काच्या दक्षिण टोकाशी बेटं आहेत, त्यांतल्या एका बेटावरचं हे हायडा लोकांचं गाव. हायडांमध्ये लाकूड कोरायचं पुरुषांनी आणि मुळांच्या टोपल्या विणायच्या बायकांनी, अशी जुनी वाटणी. कोरणारा आपली विद्या मुलाला देत नाही, बहिणीच्या मुलाला देतो, कारण घराणं आईकडून चालतं. ऑगस्टाचा मामा मोठा कारागीर होता आणि त्याला भाचे दोन, ऑगस्टाचे थोरले भाऊ. दोघांनाही सरकारने दूरच्या बोर्डिंग शाळेत नेलं. एक तिथेच टीबीने गेला. दुसरा परत आला तो सुरी हातात धरायचीच लाज वाटणारा होऊन आला. मामा वर्षभर कुणाशी बोलला नाही. मग एके दिवशी त्याने आपला वाकस, लाकूड तासायचं हत्यार, उचलला आणि तेरा वर्षांच्या ऑगस्टाच्या हातात दिला.

"मुलगी आहे ती," आजी म्हणाली.

"दिसतंय मला," मामा म्हणाला. "दुसरं कोण उरलंय?"

हे सांगताना ऑगस्टा हसायची. "मला कुणी निवडलं नव्हतं. मी उरले होते."

पुढे तिलाही शाळेत नेलंच. तिथे चार वर्षं तिने मास्तरणींच्या कॉलरना इस्त्री केली. मनगट स्थिर झालं ते त्या इस्त्रीने, शाळेचा तेवढाच फायदा, असं ती म्हणायची. मग मासे डब्यात भरायच्या कारखान्यात सुऱ्यांना धार लावणं. मग रूबेनशी लग्न, लढाईच्या दिवसांत सिअ‍ॅटलला येणं, एका हॉटेलच्या धोबीखान्यात बावीस वर्षं नोकरी. रात्रीची भांडी झाली, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पशुपक्ष्यांचे चेहरे असलेले वीतभर उंचीचे खांब कोरायची. बंदरावरचा एक दुकानदार ते प्रवाशांना विकायला घ्यायचा. बाईने कोरलेलं कुणी घेत नाही, नवऱ्याचं नाव घाल, असं त्याने सांगितलं. त्यामुळे आजही कुठकुठल्या घरांत, काचेच्या कपाटांत, तिचे खांब उभे आहेत आणि बुडाशी रूबेनचं नाव आहे.

"रूबेनला राग नाही आला?"

"रूबेनला पेन्सिलीला टोक करता येत नव्हतं," ऑगस्टा म्हणाली. "एकदा दुकानात एका बाईने त्याला ओळखलं आणि त्याची सही मागितली. त्याने दिली. घरी येऊन आठ दिवस माझी भांडी घासली."

रूबेन गेल्यावर दोन वर्षांनी, एकाहत्तर साली, हॉलवाल्यांनी तिला शिकवायला बोलावलं. तेव्हापासून दर शनिवारी. तिच्या हाताखालून दोनशेच्या वर माणसं गेली. कुणी कोरत राहिलं, कुणी सोडलं. वर उत्तरेकडे तीन गावांत तिच्या शिष्यांनी कोरलेले खांब उभे आहेत, असं तिनेच एकदा सांगितलं, मिठाचा डबा कुठे आहे ते सांगावं तशा आवाजात.

वेस्ली तिचा एकुलता मुलगा. मासेमारीच्या बोटीवर असायचा. १९८१ च्या नोव्हेंबरात बोट बुडाली. चौघांपैकी दोघं सापडले, वेस्ली सापडला नाही.

त्या फळीची गोष्ट इथून सुरू होते. हायडांमध्ये दोन बाजू, गरुडाची आणि डोमकावळ्याची. लग्न नेहमी पलीकडच्या बाजूत. मूल आईच्या बाजूचं. ऑगस्टा गरुडाची, म्हणून वेस्लीही गरुडाचा. रूबेन डोमकावळ्याचा. आणि एका बाजूचं माणूस गेलं, तर त्याचं सगळं पलीकडच्या बाजूने करायचं. त्याला न्हाऊ घालायचं, खड्डा खणायचा, आठवणीची फळी कोरायची. घरच्यांनी बसून राहायचं. मग सवडीने घरच्यांनी मोठं जेवण घालायचं आणि ज्यानं ज्यानं हात लावला त्याला सगळ्या गावासमोर उभं करून, त्यानं काय केलं ते सांगून, भेट द्यायची. तिथे शोक संपला.

मृणालिनीला यातलं फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही. मामाचा मान, बारशाला आत्याचा मान यांतच ती वाढलेली. आणि डोमकावळा मरणाच्या कामात येतो हे ऐकून तर तिला पिंडापाशी ताटकळत बसलेला अख्खा गोतावळा आठवला.

म्हणजे वेस्लीची फळी कोरायची ती त्याच्या बापाकडच्यांनी. ऑगस्टाने दोनशे जणांना शिकवलं, त्यांत डोमकावळ्याच्या बाजूचे निघाले चार. एक वारला. एक सैन्यात, जर्मनीला. एकीने लग्न करून ॲरिझोना गाठलं आणि आता ती फोन उचलत नाही. राहिला क्लिफर्ड. रूबेनच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आपल्या हिशेबाने ऑगस्टा त्याची मामी आणि वेस्ली त्याचा मामेभाऊ. वय सत्तेचाळीस, हात वल्ह्यासारखे, मन लोण्याचं. चार वर्षं तो टाळत होता. "आँटी, मी बस वळवतो तशी सुरी वळवीन. दोन लेन लागतील." शेवटी त्याची आई आजारी पडली आणि तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

ऑगस्टाला घाई होती. तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दोन्ही बाजूंनी अंधार सरकत येतोय, मधे बशीएवढं उरलंय, असं ती सांगायची. डॉक्टरांनी वर्ष दिलं होतं. तिला ती फळी दफनभूमीत उभी राहिलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. १९८६ च्या ऑगस्ट महिन्यात हायडाबर्गला जेवण घालायचं ठरलं. गावाला कळवून झालं.

जानेवारीत क्लिफर्डने फळीवर पहिला काप घातला. तेव्हापासून ऑगस्टाने स्वतःवर एक नियम घालून घेतला. त्या फळीला ती बोट लावणार नाही आणि ती कशी कोरायची याबद्दल बोलणार नाही. क्लिफर्डला शिकवायचं ते टाकाऊ तुकड्यावर. दर शनिवारी ती तुकड्यावर त्याला एक काप दाखवायची, तो दहादा करून घ्यायची. तुकड्यावर त्याचं बरं उतरायचं. मग तो उठून फळीपाशी जायचा आणि तिथे सुरी त्याचं ऐकेनाशी व्हायची. वेस्लीची फळी! चोच आखली होती त्यापेक्षा बोटभर आखूड झाली. एक डोळा दुसऱ्याहून खाली आला.

मार्चमध्ये त्याने चोचीचं टोक घालवलं. लाकडाच्या रेषेच्या उलट सुरी ओढली आणि नखाएवढा तुकडा उडून ऑगस्टाच्या पायाशी पडला. ऑगस्टाने खाली बघितलंसुद्धा नाही. "कॉफी संपली वाटतं," ती म्हणाली.

त्या दिवशी झाडून झाल्यावर मृणालिनीला राहवलं नाही. "आँटी, तुम्ही करा हो. तीन आठवड्यांचं काम आहे तुम्हाला. दार लावून घेऊ. मी बाहेर बसते, कुणाला आत येऊ देणार नाही."

"आणि मग?"

"मग काय? सुंदर होईल. आईने केलेलं."

ऑगस्टा दगडावर पातं फिरवत राहिली. "माझी आई गेली तेव्हा रूबेनकडच्या बायकांनी तिचे केस विंचरले. उलटा भांग पाडला. मी खुर्चीत बसून बघत होते. उठले असते तर त्यांनीच मला परत बसवलं असतं. तुमच्यात कुणी गेलं, की तुम्ही काय करता?"

मृणालिनीने सांगितलं. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे पिठलंभात करून आणतात. पिठलं कसलं, तेही सांगितलं. तिचे वडील ब्याऐंशी साली गेले. तिकिटाची सोय होईतो तेरावा होऊन गेला होता, आणि इथे बेलव्ह्यूला पिठलंभात आणणारं कुणी नव्हतं. तिने स्वतःच कुकर लावला होता. हे मात्र तिने सांगितलं नाही.

"शेजारणीचं पिठलं बिघडलं तर?" ऑगस्टाने विचारलं.

"तरी खातात."

"नावं ठेवतात?"

"त्या दिवशी नाही ठेवत."

"मग मला काय विचारतेस?" ऑगस्टा म्हणाली आणि दिवा बंद करायला उठली.

वसंत गेला. क्लिफर्ड नेटाने येत होता. बसची शनिवारची पाळी त्याने सोडून दिली होती. जूनच्या शेवटी त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "आँटी, मला वाटतं झालं. नाही झालं तरी झालं."

गरुड होता. नीट बघितलं तर तो गरुडच होता. डोळे वरखाली, चोच बोथट, आणि डाव्या पंखावर सुरीचे काप असे दाटीदाटीने, अडखळत, एकमेकांवर चढलेले, की शेतात ढेकळं पडावीत तसा तो पंख दिसत होता. बाकी फळी मृणालिनीने मनातल्या मनात पास केली होती. त्या पंखाशी मात्र तिची नजर दर वेळी ठेचकाळायची.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी ऑगस्टाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे उशीर होणार होता. वर्गाला उन्हाळ्याची सुट्टी होती. क्लिफर्ड दुपारी फळी बांधायला येणार होता, कारण पुढच्या आठवड्यात ती बार्जवरून, म्हणजे मालवाहू बोटीवरून, वर अलास्काला जायची होती. हॉलची किल्ली मृणालिनीकडे. ती सकाळीच आली, झाडलं, किटली घासली आणि फडकं काढून फळीपाशी उभी राहिली.

तिच्या माहेरी गौरींच्या आधी पाट, चौरंग, देव्हारा सगळं घासूनपुसून असं करायचे, की हात फिरवला तर हाताला काही लागू नये. देवाचं असो की गेलेल्या माणसाचं, खडबडीत ठेवायचं नाही. त्यात आदर होता. आणि हा पंख! परक्या गावच्या दोनशे लोकांसमोर हा असा उभा राहणार. नियम आहे तो कोरण्याबद्दल, तिने स्वतःला सांगितलं. आपण काही कोरत नाही आहोत. नुसतं साफ करतोय.

श्रीरंगने शेल्फासाठी आणलेला पॉलिश पेपर गाडीत होता. ती पाऊण तास घासत होती. कापांच्या धारा गेल्या, मग काप गेले, मग पंख रेशमासारखा लागायला लागला. सीडरचा रंग उघडून वर आला. तिचे डोळे भरून आले, इतका तो सुंदर झाला होता.

क्लिफर्ड आला आणि दारातच थांबला. जवळ येऊन त्याने पंखावरून तळवा फिरवला. "छान झालाय," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर मात्र काही दिसेना. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, "आँटीला नको सांगू."

"का? मी काही चुकीचं..."

तेवढ्यात ऑगस्टा आली. डोळ्यांत औषध घातलेलं, तिला धड काही दिसत नव्हतं. नेहमीच्या खुर्चीशी येऊन तिने टेबलावर हात टेकला. उचलला. बोटं एकमेकांवर चोळली. सुरीने सीडरच्या चकत्या निघतात, वळलेल्या, कागदासारख्या. टेबलावर पीठ होतं. मैद्यासारखं.

"पीठ कशाचं पडलंय?" तिने विचारलं.

क्लिफर्डने मृणालिनीकडे बघितलं.

"क्लिफर्ड?"

"मी केलं, आँटी," मृणालिनी म्हणाली. "डावा पंख. पॉलिश पेपरने. फार खडबडीत होता."

ऑगस्टा हळूच खुर्चीत बसली. ती ओरडली असती तर मृणालिनीला सोपं गेलं असतं. ती मुलांना समजावतात तसं बोलायला लागली. "माझ्या मामाकडे पॉलिश नव्हतं. तो म्हणायचा, सुरी जिथे लागली तिथे ती दिसली पाहिजे. जेवणाच्या दिवशी मी गावासमोर उभी राहून सांगणार, की क्लिफर्डने माझ्या मुलासाठी हे केलं. लोक येऊन बघतील. त्याने काय केलं ते त्यांना दिसायला हवं. वाईट का असेना. आता तिथे काय दिसेल?"

"काही नाही," क्लिफर्ड म्हणाला. तो फडक्याने कपाळ पुसत होता. "मी परत करतो. परत काप घालतो, आँटी. दोन तासांचं काम."

मृणालिनीने ऑगस्टाकडे बघितलं. ऑगस्टाचे ओठ उघडले. त्या पंखाखाली आता किती लाकूड उरलं होतं? कोरून कोरून आधीच पातळ झालेलं, त्यात मृणालिनीने पाऊण तास घासलेलं. ऑगस्टाला ते माहीत होतं, मृणालिनीलाही एवढं कळायला लागलं होतं. ऑगस्टाच्या तोंडात 'नको' तयार होतं. पण तो शब्द फळी कशी कोरायची याबद्दलचा होता, आणि ते तिने स्वतःला मना केलं होतं. तिने ओठ मिटले आणि हात मांड्यांखाली घेतले.

"क्लिफर्ड, जपून," मृणालिनी म्हणाली. "ते पातळ..."

"माहितेय," तो म्हणाला आणि सुरी ओढली. एक. दोन. यावेळी त्याचे काप खरंच चांगले पडत होते, सहा महिन्यांत पडले नव्हते इतके सरळ. पंख अर्धा झाला. तेव्हा टक् असा आवाज आला, अगदी बारीक, सुपारी फुटल्यासारखा. चीर पंखातून निघाली, मानेवरून गेली आणि गरुडाच्या डाव्या डोळ्यात जाऊन थांबली.

क्लिफर्ड सुरी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग तो हुंदके देऊन रडायला लागला, एवढा मोठा माणूस. ऑगस्टा समोर बघत होती. तिने काय ऐकलं ते तिला विचारायची गरज नव्हती.

फळी बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या अर्ध्या पंखाला हात लावायची क्लिफर्डची छाती झाली नाही. फळी तशीच बांधली. निघताना ऑगस्टा मृणालिनीला म्हणाली, "तुलाही यावं लागेल हायडाबर्गला."

"मला? आँटी, मला कशाला..."

"तुझा हात लागलाय तिला."

घरी श्रीरंग म्हणाला, "सॉरी म्हणून ये आणि विषय संपव."

"सॉरी ते घेतच नाहीत रे," मृणालिनी म्हणाली. "मला तिथे गिफ्ट मिळणार आहे."

ऑगस्ट महिन्यात मृणालिनी गेली. केचिकनपर्यंत विमान, मग फेरीबोट, मग रस्ता. सोबत क्लिफर्ड आणि ऑगस्टा. आता ऑगस्टाला उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. जूनमध्ये उरलेली बशी जुलैतच गेली होती. गावच्या हॉलच्या दारात दोन खांब होते, ताठ, रेखीव, एकेक काप पाण्याच्या लाटेसारखा. "हे कुणी केले?" मृणालिनीने विचारलं, आणि कुणीतरी सहज सांगितलं, ऑगस्टाच्या पोरांनी, सत्त्याहत्तरच्या बॅचने. त्या सगळ्या पोरांनी उठून ऑगस्टाला खुर्ची दिली. सगळे गरुडाचे. त्यांच्यातल्या एकालाही ही फळी करता येत नव्हती.

जेवण दुपारी सुरू झालं आणि चालूच राहिलं. मासे, बटाटे, रानफळं, केक. मग ऑगस्टा उठली. नावं घेत गेली, तशी एकेक माणसं पुढे येत गेली. ज्यांनी खड्डा खणला, ज्यांनी फळी धक्क्यावरून वर आणली, ज्यांनी ती उभी केली. क्लिफर्डला तिने घोंगडी पांघरली. त्याने चोच, डोळे, छाती आणि उजवा पंख कसा केला, ते तिने एकेक करून सांगितलं. आवाज कुठे कापला नाही. क्लिफर्डचे काप तिने तुकड्यांवर मोजले होते, ते सगळे तिला पाठ होते.

"मृणालिनी," तिने हाक मारली. जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदा तिने पूर्ण नाव घेतलं.

मृणालिनी पुढे गेली. तिने मोरपंखी साडी नेसली होती. आता वाटत होतं, साधी नेसायला हवी होती.

"ही बाई लांबून आली," ऑगस्टा गावाला म्हणाली. "माझ्या मुलाच्या फळीचा डावा पंख हिने गुळगुळीत केला." आणि एक निळा टॉवेल आणि माशांची बरणी तिच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी "थँक यू" म्हणालं, मनापासून. मृणालिनीला सांगायचं होतं, की मी बिघडवला तो, ती चीर माझी आहे. पण तिथे तसं सांगायची जागाच नव्हती. तिथे फक्त घ्यायचं होतं. तिने घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑगस्टा म्हणाली, "आता फिटलं सगळं. आता मी हात लावू शकते. चल."

दफनभूमी पाण्याच्या काठाला होती. इतर फळ्यांमध्ये वेस्लीची नवी फळी लगेच कळत होती, लालसर. मृणालिनीने ऑगस्टाला समोर उभं केलं. "बरोबर समोर आहे, आँटी."

ऑगस्टाने हात वर नेला आणि पहिल्यांदा आपल्या मुलाच्या फळीला बोटं लावली. चोचीवरून सुरुवात केली. तुटक्या टोकाशी थांबली, पुढे गेली. खालचा डोळा, वरचा डोळा. "इथे त्याने श्वास रोखून धरलाय," ती म्हणाली. "इथे सोडला." छातीवर तिची बोटं भरभर चालायला लागली, वाचल्यासारखी. "इथे घाबरलाय. इथे शिफ्टवरून आलाय, दमून." मृणालिनी ऐकत होती. त्या ढेकळांत एवढं काही लिहिलेलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

मग चीर बोटाला लागली. चिरेवरून ती पंखापर्यंत आली. जुलैत नव्याने घातलेले काप तिने मोजले, अकरा. त्यांच्यापलीकडे बोट नेलं.

तिथे ते सरकायला लागलं. वर गेलं, खाली आलं, कडेला जाऊन परत फिरलं. तिने दुसरा हातही लावला. दोन्ही तळवे त्या गुळगुळीत लाकडावर पसरून ती काहीतरी चाचपत राहिली, आणि मृणालिनी तिच्या शेजारी उभी होती.

"इथून पुढे सुरी सापडत नाही," ऑगस्टा म्हणाली, आणि परत पहिल्यापासून शोधायला लागली.